मालक पुण्यात, पाहुणे दारात

पुणे–सातारा महामार्ग सोडून चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे किंवा कापूरहोळवरून भोरकडे वळणाऱ्या रस्त्यांच्या अंगाने, तसेच पानशेत, वरसगाव आणि भाटघर या जलाशयांच्या काठाने, मागील दोन-तीन दशकांत जी निवासी संकुले उभी राहिली, त्यांच्यापैकी पुष्कळांची आखणी एका गृहीतावर झालेली होती. घर घेणारा माणूस पुण्यामुंबईचा असेल, शनिवार-रविवार साधून तो सहकुटुंब येईल आणि एरवी घराला कुलूप राहील, असे ते गृहीत होते. कुलपे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वेळा उघडतात, परंतु ती उघडणारा हात मालकाचा राहिलेला नाही. मोबाइलवरील ॲपच्या किंवा ओळखीपाळखीच्या मार्गाने एक-दोन रात्रींसाठी, फार तर आठवड्यासाठी, घर पैसे घेऊन वापरायला देण्याची जी पद्धत रुळली आहे, तिला पुढे ‘अल्पमुदतीचे भाडे’ असे म्हटले आहे. या पद्धतीची चर्चा बहुधा मालकाच्या उत्पन्नाच्या किंवा शेजाऱ्याच्या त्रासाच्या अंगाने होते. येथे ती संकुल प्रत्यक्ष चालवणाऱ्यांच्या, म्हणजे व्यवस्थापक, वॉचमन, केअरटेकर आणि साफसफाई करणाऱ्या बायकांच्या, रोजच्या कामातील अनुभवाच्या अंगाने केली आहे.

सामाईक मालकीच्या संकुलात माणूस दोन गोष्टी एकदम विकत घेतो: चार भिंतींतले स्वतःचे घर आणि भिंतींबाहेरच्या सगळ्यातला एक न दिसणारा हिस्सा. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० याखाली झालेल्या संकुलात, ज्याला पुण्याकडे नुसते ‘अपार्टमेंट’ म्हणतात आणि कागदोपत्री ‘कॉन्डोमिनियम’, हा हिस्सा घोषणापत्रात टक्क्यांमध्ये लिहिलेला असतो. जमीन, जिना, गच्ची, पाण्याची टाकी, फाटक यांतला तो अविभक्त हिस्सा घराबरोबर विकला जातो, वेगळा काढता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० याखालील गृहनिर्माण संस्थेत, म्हणजे ‘सोसायटी’त, इमारत संस्थेची असते आणि सभासदाकडे तिचे भाग आणि त्या आधारे सदनिका वापरण्याचा हक्क असतो. भोर-वेल्ह्यात मात्र या दोहोंपेक्षा वेगळा आणि कायद्याच्या पुस्तकात कोठेच नीट न बसणारा तिसरा प्रकारही मुबलक आढळतो. शेतजमिनीचे तुकडे पाडण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची बंधने असल्यामुळे अनेकांनी मिळून जमीन घेतली, सातबाऱ्यावर सर्वांची नावे सामाईक लागली, आपसात कुंपणे घालून ‘फार्महाऊस’ बांधली गेली, आणि रस्ता, विहीर व विजेचा ट्रान्सफॉर्मर तेवढा सगळ्यांचा राहिला. अशा ठिकाणी ना घोषणापत्र असते, ना उपविधी, ना नोंदलेली समिती. असतो तो एक व्हॉट्सॲप गट आणि फाटकावर बसवलेला गावातलाच एखादा माणूस. कायद्याच्या दृष्टीने हे तीन प्रकार कितीही भिन्न असले, तरी अल्पमुदतीच्या भाड्याचा ताण तिन्हींत एकाच जागी येतो: घर एकाचे आणि विहीर सगळ्यांची, या सांध्यावर.

हा ताण समजून घेण्यापूर्वी त्याआधीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे, कारण पाहुणे येण्यापूर्वी ही संकुले सुखाने नांदत होती असे मानणे खरे नव्हे. बंद घरांच्या संकुलात मेंटेनन्सची थकबाकी साठते, सर्वसाधारण सभेची गणसंख्या भरत नाही, लिफ्ट महिनोन् महिने न चालल्याने बिघडते आणि पावसाळ्यात भिंतींना ओल चढून दारे फुगतात. याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण शेजारीच, वरसगाव जलाशयाकाठी, मुळशी आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या हद्दींत आखलेल्या लवासा या नियोजित शहरात पाहायला मिळते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथील बांधकाम थांबवले, वर्षभराने ते अटींवर पुन्हा सुरू झाले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते शहर उभारणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी तेथल्या दासवे येथील इमारतींत सदनिका घेतल्या होत्या, त्यांच्या हाती घर होते, पण त्या घराभोवती ज्या शहराचे आश्वासन होते ते अपुरे राहिले होते. अशा वेळी सदनिका सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांना देणे हाच हप्ते आणि देखभालीचा खर्च भागवण्याचा मार्ग पुष्कळ मालकांना दिसला असल्यास नवल नाही. अल्पमुदतीच्या भाड्याने उजाड संकुलात दिवे लावले, ही गोष्ट त्याच्या विरोधकांनीही मान्य करावी अशी आहे.

तथापि, दिवे लागले म्हणजे कोणी राहायला आले असे होत नाही. शनिवारी दुपारी फाटकावर जे घडते ते या दृष्टीने पाहण्याजोगे असते. गाडी थांबते, पुढच्या सीटवरचा तरुण खिडकीतून मोबाइल दाखवतो आणि बुकिंग आहे असे सांगतो. वॉचमनच्या नोंदवहीत त्या दिवशीच्या बुकिंगची यादी नसते, कारण मालकाने ती कळवलेली नसते. मोबाइलवर एक नाव असते, गाडीत सहा जण असतात, आणि मागून आणखी एक गाडी येत असल्याचे सांगितले जाते. मालकाला फोन लावावा तर डोंगराच्या आडोशाला रेंज नसते, आणि रेंज असली तर मालक ‘जरा मीटिंगमध्ये’ असतो. मागे रांग लागते, हॉर्न वाजू लागतात, आणि शेवटी वॉचमन साखळी सोडतो. तो सोडणारच असतो, हे आत जाणाऱ्यालाही ठाऊक असते. कारण पाहुण्याला अडवण्याचा अधिकार वॉचमनला कोणी दिलेला नसतो, आणि न अडवल्याबद्दल सोमवारी जाब मात्र त्यालाच विचारला जातो. समितीने विचारावे, तर काही मालक हे पाहुणे आपले नातेवाईकच असल्याचे सांगून मोकळे होतात. एखाद्याचे भाचे दर शनिवारी बदलतात आणि प्रत्येक भाच्याची गाडी निराळ्या जिल्ह्याची असते, यावर सेक्रेटरीने काय बोलावे?

परक्या पाहुण्याच्या या प्रश्नाला या परिसरात एक जुनी बाजू आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या मुलखातून वरंध घाटाने कोकणात उतरणारी वाट जाते, आणि परका वाटसरू ही येथील गावांना नवी गोष्ट नाही. परक्याची दखल गावाने घ्यावी ही जबाबदारी आजही महाराष्ट्र ग्राम पोलीस कायदा, १९६७ नुसार पोलीस पाटलाकडे आहे. संकुलाच्या भिंतीआड मात्र पोलीस पाटलाचे लक्ष पोहोचत नाही आणि समितीला ते काम आपले वाटत नाही. परदेशी नागरिक मुक्कामाला आला तर त्याला जागा देणाऱ्याने चोवीस तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून कळवायचे असते. हे हॉटेलच्या कारकुनाला पाठ असते, दोन खोल्यांची सदनिका ॲपवर टाकणाऱ्या मालकाला बहुधा ऐकूनही माहीत नसते.

शनिवारच्या फाटकापेक्षा रविवारची सफाई अधिक कठीण. अकराला खोली सोडायची आणि एकला नवे पाहुणे यायचे, असा ॲपवरचा नियम शहरातल्या हॉटेलांवरून उचललेला आहे. तेथे प्रत्येक मजल्यावर चादरींची कपाटे असतात आणि तळघरात धुलाईयंत्रे. येथे दोन तासांत दोन बायकांनी ओटा, बाथरूम, चार गाद्या आणि पाहुण्यांनी बाल्कनीत टाकलेले कोळसे आवरायचे असतात. वेल्ह्याच्या बाजूला जून ते सप्टेंबर असा पाऊस असतो की धुतलेली चादर दोन-दोन दिवस वाळत नाही. मग दोऱ्या बांधल्या जातात त्या पार्किंगमध्ये, नाहीतर जिन्याच्या वळणावर, कारण तेवढीच जागा छताखालची आणि वाऱ्याची असते. त्याच जिन्यावरून गुडघे धरून उतरणाऱ्या निवृत्त रहिवाशाच्या तोंडावर ओली चादर येते, तो समितीकडे लेखी तक्रार करतो, समिती मालकाला नोटीस देते, मालक केअरटेकरला फोनवर झापतो आणि केअरटेकर दोरी सोडून पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला बांधतो. सामाईक जागेचा व्यापारी वापर म्हणतात तो कागदावर मोठा वाटतो, पण प्रत्यक्षात तो अशा एका दोरीएवढा असतो, आणि ती दोरी सोडायला लावणे हे त्या जागेच्या मालकीच्या तत्त्वाचे रक्षण आहे, हे बांधणाऱ्या बाईला पटवून देणे कोणत्याही समितीला साधलेले नाही. तिची अडचण खरी असते. चादरी वाळवायला घर देणाऱ्याने जागा दिलेली नसते.

पाण्याचा प्रश्न यापेक्षा खोल आहे, आणि भोर व वेल्हे या दोन तालुक्यांत तो विशेष बोचतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. पानशेतची साठवण सुमारे १०.६५ टीएमसी, वरसगावची १२.८२ आणि भाटघरची सुमारे २३.५ आहे, शिवाय नीरा देवघर आणि गुंजवणी ही धरणे निराळी. इतके पाणी उशाशी असताना एप्रिल-मे महिन्यांत येथील वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात, कारण साठलेले पाणी पुणे शहरासाठी आणि खालच्या शेतीसाठी बांधलेले असते आणि जलाशयातून कोणालाही मनाला येईल तसे उचलता येत नाही. संकुले आपल्या विहिरीवर आणि बोअरवर अवलंबून असतात, त्या आटल्या की तीही टँकर मागवतात. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती वापरासाठी दरडोई रोज १३५ लिटर पाणी धरण्याची रीत आहे; चौघांच्या घराला त्या हिशेबाने ५४० लिटर पुरतात, तर त्याच घरात बारा जण उतरले की १,६२० लिटर लागतात, आणि सुट्टीवर आलेला माणूस हात राखून पाणी वापरत नाही हे लक्षात घेता हा आकडाही कमीच म्हणायचा. दहा हजार लिटरचा टँकर ज्या संकुलाला एरवी चार दिवस जातो, तेथे शनिवारी भरलेली टाकी रविवारी सकाळी तळ दाखवते, आणि मोटार लावायला धावणारा माणूस पुन्हा वॉचमनच असतो.

पाणी जितके आत जाते तितके बाहेरही येते, ही गोष्ट विसरली जाते. या भागातील बहुतेक संकुलांना सार्वजनिक गटार नाही. मैलापाणी सेप्टिक टाकीत आणि तेथून शोषखड्ड्यात जाते, आणि ही टाकी किती माणसे राहतील याच्या अंदाजावर बांधलेली असते. तो अंदाज कुटुंबांचा होता, सहलींचा नव्हता. टाकी अवेळी भरली की मैला उपसणारी गाडी बोलवावी लागते, आणि तिचा खर्च सर्व सदनिकांवर वाटला जातो.

वाटला जातो म्हणजे कसा, येथे या विषयाचे मर्म आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सर्व सदनिकांवर समान, आणि पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतील नळजोडांच्या संख्येवर व आकारावर बसवला जातो. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च घोषणापत्रातील हिश्शाच्या टक्क्यांनी विभागतात. दोन्ही पद्धतींत घरात किती माणसे आहेत आणि ती किती दिवस आहेत हे विचारलेच जात नाही. त्यामागे शहाणपण होते: शेजाऱ्याच्या घरी किती माणसे जेवतात हे मोजणे सभ्यपणाचे नाही, आणि कमीजास्त वापर वर्षभरात एकमेकांत जिरून जातो, असा तो विश्वास होता. एका घरात वृद्ध जोडपे आणि दुसऱ्यात दर आठवड्याला बारा नवे पाहुणे असे चित्र झाले की हा विश्वास टिकत नाही. वृद्ध जोडपे जो मेंटेनन्स भरते त्यातला एक भाग शेजारच्या धंद्याचा कच्चा माल होतो, आणि तो कोणत्याही पावतीवर वेगळा दिसत नाही. भाड्याने दिलेल्या घरासाठी संस्थेने आकारायचे जे बिनभोगवटा शुल्क आहे, ज्याला सभांमध्ये सर्रास ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ म्हणतात, त्यावर राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. संस्थांनी भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदांना मनमानी आकारणीने लुबाडू नये हा त्यामागील हेतू रास्त होता. पण समजा एखाद्या संकुलात सेवाशुल्क महिना दोन हजार रुपये असेल, तर हे शुल्क दोनशे रुपये होते. एका रात्रीचे भाडे सहा हजार घेणारा मालक ते न कुरकुरता भरतो आणि भरल्यानंतर आपण नियमात असल्याचेही सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. नियम अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूसाठी लिहिलेला आहे, आणि दोन रात्रींचा पाहुणा त्यात शब्दशः बसवला जातो, एवढेच.

भाडेकराराच्या कायद्याचेही असेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. परंतु त्या कायद्यातील परवानाधारकाच्या व्याख्येतून हॉटेलात किंवा लॉजमध्ये उतरणारा माणूस वगळलेला आहे, आणि ‘पेइंग गेस्ट’ म्हणजे ज्या घरात परवाना देणारा स्वतः राहतो त्याच घराचा काही भाग वापरणारा, असे म्हटले आहे. शनिवारी फाटकावर आलेला पाहुणा भाडेकरू नव्हे, पेइंग गेस्ट नव्हे, आणि घर हॉटेल म्हणून नोंदलेले नसल्याने तो हॉटेलचा उतारूही नव्हे. केंद्र सरकारच्या ‘इन्क्रेडिबल इंडिया’ निवास-न्याहारी योजनेतही मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे ही अट आहे. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा आधारही स्वतः शेती करणारा शेतकरी हाच आहे. घरात परका माणूस ठेवायचा तर घरधनी तेथे असला पाहिजे, ही समजूत आपल्या या सर्व तरतुदींच्या मुळाशी आहे; आणि अल्पमुदतीच्या भाड्याचा भोर-वेल्ह्यातला जो प्रकार आहे, त्याची ओळखच घरधन्याची गैरहजेरी ही आहे. गोंगाट, पाणी, कचरा, अनोळखी चेहरे या तक्रारी त्या गैरहजेरीच्या निरनिराळ्या बाजू आहेत. मालक जवळ असता तर ओल्या चादरी त्याच्याच अंगणात वाळल्या असत्या आणि रात्री साउंड बंद करायला वॉचमनला जिने चढावे लागले नसते.

साउंडचा उल्लेख निघाला म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी केली आहे, आणि हे पाहुण्यांना सहसा माहीत असते. जे माहीत नसते ते हे, की जलाशयाच्या काठावर आवाज पाण्यावरून पलीकडच्या वाडीपर्यंत स्पष्ट जातो. तक्रार तेव्हा संकुलातून येत नाही, पलीकडच्या गावातून येते, आणि ती येते तेव्हा गावाला संकुल हे एकच घर वाटते. कोणत्या सदनिकेत कोण होते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. संकुलाने गावाकडून मिळवलेली पत, म्हणजे रस्त्याच्या दुरुस्तीला मिळणारा हातभार किंवा विहिरीवरच्या मोटारीबद्दलची सोशिकता, अशा एका रात्रीत खर्ची पडते.

पावसाळ्यातील गर्दीने केअरटेकरच्या कामात आणखी एक अडचण घातली आहे. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात पर्यटक कुटुंब वाहून गेल्याच्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने भोर आणि वेल्ह्यासह अनेक तालुक्यांतील धबधबे व जलाशयांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश काढले. शनिवारी संध्याकाळी पाहुणा केअरटेकरला विचारतो ते एवढेच, की मढे घाटाला जाता येईल का आणि बॅकवॉटरला कोठून उतरता येते. उत्तर काय द्यावे याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते, आणि जाऊ नका म्हटल्यास पाहुणा ॲपवर कमी तारे देईल, मालक रागावेल, ही भीती असते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला त्यांत राजगड आहे, आणि वेल्हे तालुक्याला आता राजगडाचेच नाव मिळालेले आहे. यापुढे ही विचारणा वाढत जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

येथवर जे लिहिले त्यावरून पाहुणे बंद करावेत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण या कामात गावाचा खराखुरा लाभ आहे आणि तो मोजताना शहरी रहिवाशाची गैरसोय एवढेच माप वापरता येणार नाही. धरणांत ज्यांच्या जमिनी गेल्या आणि नंतर उरलेल्या जमिनीही प्लॉटसाठी विकल्या गेल्या, त्यांच्या पुढच्या पिढीला महामार्गावरील कारखान्यांखेरीज जवळपास काम मिळते ते याच घरांमध्ये. पाहुण्यांच्या जेवणाची ऑर्डर घेणारी बाई पिठलं-भाकरी, गावठी कोंबडी आणि इंद्रायणीचा भात करून एका शनिवार-रविवारात जे कमावते ते भातलावणीच्या मजुरीपेक्षा अधिक असते, आणि ते स्वतःच्या चुलीवर, मुलांवर नजर ठेवत. मालकाच्या कायमच्या मुक्कामाने तिला हे काम मिळाले नसते, कारण मालकाच्या घरी त्याची बायको स्वयंपाक करते. मात्र हा लाभ तोंडी व्यवहारावर उभा आहे. बुकिंग रद्द झाले तर ॲपच्या नियमांनुसार मालकाला काही रक्कम मिळू शकते. बाईने सकाळीच कापलेल्या कोंबडीचे पैसे कोणत्याही नियमात येत नाहीत. केअरटेकरचा पगार एका घराचा ठरलेला असतो, पण चावी, गॅस, जनरेटरचे डिझेल, मच्छरांची तक्रार आणि रात्री दोनला हरवलेला चार्जर यांसाठी तो चोवीस तास बांधलेला राहतो.

इतर देशांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे पाहिली तर त्यांच्यातही एकमत नाही. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून अंमलात आणलेल्या नियमांनुसार तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर देताना यजमानाने स्वतः त्या घरात हजर असले पाहिजे आणि पाहुणे दोनच असावेत. स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून सामाईक मालकीच्या इमारतीत नव्याने पर्यटकांना घर देण्यासाठी मालक-समुदायाच्या तीन-पंचमांश बहुमताची पूर्वसंमती बंधनकारक केली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये याच्या जवळजवळ उलट दिशेने निर्णय दिला: घर घेताना जो वापर मोकळा होता, तो पुढे बहुमताने काढून घेता येणार नाही, त्यासाठी सर्वांची संमती लागेल. जपानने जून २०१८ पासून वर्षाला १८० दिवसांची कमाल मर्यादा घातली आणि इमारतीच्या नियमावलीने मनाई केली असल्यास ती मानावी अशी सोय ठेवली. यांतला जर्मन विचार पहिल्या वाचनात मालकधार्जिणा वाटला, तरी तो सहज झटकण्यासारखा नाही. ज्याने लवासात किंवा पानशेतला घर घेतले तो बहुतेक वेळा कायमच्या वास्तव्यासाठी ते घेत नव्हता, आणि सुट्टीचे घर म्हणूनच त्याला ते विकले गेले होते. परंतु भोर-वेल्ह्याला लागू पडणारी कसोटी न्यूयॉर्कच्या नियमात अधिक आहे, कारण ती बहुमत मोजत नाही, हजेरी विचारते. मालकाने प्रत्येक पाहुण्याबरोबर येथे येऊन राहावे ही अपेक्षा अव्यवहार्य आहे हे खरे, पण त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा लेखी अधिकार असलेला एक माणूस तालुक्यात असावा, तो फोनवर सापडावा आणि पाहुण्याला घराबाहेर काढण्यापर्यंतची मुभा त्याला असावी, ही अपेक्षा अव्यवहार्य नाही. असा माणूस बहुतेक ठिकाणी आहेच. तो केअरटेकर आहे. फक्त त्याच्याकडे चाव्या आहेत आणि अधिकार नाहीत.

काही संकुलांच्या समित्यांनी आपापल्या परीने वाटा शोधलेल्या दिसतात. पाहुण्यांची नावे आणि गाड्यांचे क्रमांक आदल्या दिवशी कळवणे, सदनिकेमागे माणसांची कमाल संख्या ठरवणे, मालकाकडून अनामत घेऊन तीतून नुकसान वळते करणे, चादरी वाळवण्यासाठी गच्चीचा एक कोपरा पत्रे टाकून भाड्याने देणे, असे ते उपाय आहेत. यांतला शेवटचा सर्वांत साधा आणि सर्वांत परिणामकारक ठरतो, कारण त्यात कोणाला काही बंद करायला सांगावे लागत नाही. जेथे सामाईक सातबारा आहे तेथे यांतले काहीही ठरावाच्या रूपात होऊ शकत नाही. तेथे विहिरीवरच्या मोटारीची चावी ज्याच्या घराजवळ असते तोच समिती असतो.

पाण्याच्या बाबतीत उपाय सर्वांना ठाऊक आहे: प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर बसवणे आणि वापराप्रमाणे आकारणी करणे. अडचण नळांची आहे. जुन्या इमारतींत वरच्या टाकीतून उतरणारे पाइप प्रत्येक सदनिकेत एकाच ठिकाणी शिरत नाहीत. स्वयंपाकघराला एक, बाथरूमला दुसरा, संडासाला तिसरा असे ते निरनिराळ्या उभ्या वाहिन्यांवरून येतात, त्यामुळे एका घराला तीन मीटर लावावे लागतात आणि खर्च तिप्पट होतो. हा खर्च सर्वांनी करायचा की केवळ पाहुणे ठेवणाऱ्यांनी, यावर ठराव व्हावा लागतो, आणि ठराव करायचा तर सर्वसाधारण सभा भरावी लागते. सहकारी संस्थांची ही सभा कायद्याने ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते. गणपती आटोपून पितृपंधरवडा आणि नवरात्र जवळ आलेले असतात, मालक पुण्याहून येत नाहीत, ऑनलाइन जोडून घ्यावे तर रेंज जाते, गणसंख्येअभावी सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने आहे त्या सभासदांत भरते, आणि ज्यांची घरे बुकिंगला आहेत त्यांचे मत विचारल्याशिवाय एवढा मोठा खर्च मंजूर करू नये असे कोणीतरी रास्तपणे म्हणतो. मीटरचा विषय त्यामुळे पुढच्या वर्षाच्या विषयपत्रिकेवर घेतला जातो आणि तोवर पाण्याचा आकार नळ मोजून बसवला जातो.